लिफ्टमधला तो व्हिडिओ (सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप)

ए-401: परत टाकतोय, सगळ्यांनी पाहा. कामाच्या मावशींना म्हणे, 'तुम्ही लोकं जिन्यानं या'! लाज वाटली पाहिजे 302 च्या काकूंना.

सी-103: सुप्रभात. मोटर कोणी चालू ठेवली? टाकी वाहून राहिली.

बी-202: लेखी माफी पाहिजे. नाही तर फेसबुकवर टाका.

ए-105: संविधानाचं कलम 17 वाचा म्हणावं, अस्पृश्यता बंद केली त्यानं.

ए-302: सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. हात जोडते, व्हिडिओ काढा.

सी-201: आमच्या पार्किंगवरून तमाशा केला तेव्हा कोणाला दया नाही आली!

बी-202: लेखी माफी पाहिजे.

बी-304: थोडं बोलू द्या जी. 'तुम्ही लोकं' हे माझ्या आजीनं जन्मभर ऐकलं. 14 ऑक्टोबर 1956 ला ती दीक्षाभूमीवर होती. काकू चुकल्याच, यात मला काडीची शंका नाही. पण मावशींना कोणी विचारलं? काल मी विचारलं. पोळी लाटता लाटता हात थांबला त्यांचा. 'ताई, त्यात माझंही तोंड दिसून राहिलं न. पोरीच्या मोबाइलवर गेला तो. विचारते, तू गप काऊन बसली?'

ए-401: माझ्या मनात तसं नव्हतं ताई.

बी-304: माहीत आहे दादा. तू गप नाही बसला, हे चांगलंच केलं. काकूंना सोडून द्या असं मीही म्हणत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत समतेसाठी झटणं आहे अन् दयाही आहे. मावशींना तक्रार करायची असेल तर मी ठाण्यात सोबत जाईन, ठरवतील त्या. सध्या त्यांना एवढंच पाहिजे: व्हिडिओ निघावा अन् काकूंनी तोंडावर बोलावं. अन् लिफ्टमधला 'कामवाल्यांनी जिना वापरावा' हा कागद काही काकूंनी नाही लावला. सभेत ठरला. सगळ्यांच्या सह्या आहेत, माझीही.

ए-105: मी त्या सभेला नव्हतो.

सी-103: काका, समोसे तुम्हीच आणले होते न.

बी-202: लेखी माफीचं काय?

ए-302: ताई, सासूबाई म्हणतात, संध्याकाळी मावशींना घरी पाठवा.

बी-304: त्यांनी कशाला यायचं? काकूंना खाली आणा वहिनी. मी येते सोबत.

ए-401: काढला. ज्यांनी पुढं पाठवला त्यांनीही काढा.

सचिव: लिफ्टमधला कागद काढला. गोंद निघून नाही राहिला, थिनर असेल कोणाकडे तर द्या.

सी-103: मोटर??