अॅम्बॅसेडरला इसुझूचे इंजिन: बोल्ट बसले, पण क्लच सुटत नाही

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा):
नमस्कार. आमच्या घरी १९७२ सालची अॅम्बॅसेडर आहे. तिच्या मूळ १४८९ सीसी इंजिनाच्या ब्लॉकला गेल्या उन्हाळ्यात तडा गेला, म्हणून अॅम्बॅसेडरच्याच १८०० मॉडेलचे इसुझू इंजिन आणले. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा वडिलांच्या सवयीचा आहे; तो जाऊ नये यासाठी जुनाच चार गिअरांचा गिअरबॉक्स ठेवला आणि ट्रॉल्या बांधणाऱ्या कारागिराकडून मध्ये बसवायला १२ मि.मी. जाडीची लोखंडी प्लेट करवून घेतली. क्लच प्लेट इसुझूच्या मापाची, मधला हब (दात्यांचा मधला भाग) गिअरबॉक्सच्या जुन्या शाफ्टच्या मापाचा. आता क्लच पूर्ण दाबला तरी पहिला गिअर करकरत पडतो, न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि पेडल दाबल्यावर ती किंचित कमी होते. चूक कोठे शोधावी?

उत्तर (परतवाडा):
बोल्ट बसले म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा मध्य जुळला, असे कृपया धरू नका. बोल्टाचे छिद्र बोल्टापेक्षा थोडे मोठे असतेच. बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे घंटेसारखे आवरण) नेमके जागेवर धरण्याचे काम डॉवेल पिनांचे (छिद्रात घट्ट बसणाऱ्या खिळ्यांचे) असते, बोल्ट ते फक्त आवळून ठेवतात. आपल्या प्लेटला डॉवेल आहेत का? गिअरबॉक्स उतरवून डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारे मापक) फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावर, पक्के करा, त्याचे टोक बेल हाउसिंगच्या मधल्या गोल बोअरला (छिद्राला) टेकवा आणि क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. काट्यातला एकूण फरक ०.२५ मि.मी.च्या आत हवा.

दुसरी शंका अधिक बळकट वाटते. १२ मि.मी.च्या प्लेटमुळे गिअरबॉक्सचा शाफ्टही तेवढाच मागे सरकला आहे, त्यामुळे त्याचे टोक क्रँकमधल्या बुशात (शाफ्टला आधार देणाऱ्या नळीत) पुरेसे शिरत नसावे. शिवाय या दोन इंजिनांच्या क्रँकमधले छिद्र एकाच मापाचे आहे, असे गृहीत धरू नये. व्हर्नियरने खोली आणि व्यास मोजून लेथवर फॉस्फर ब्राँझचा लांब बुश करून घ्या. एका जुन्या जीपला मी केवळ नजरेच्या अंदाजाने इंजिन जोडले होते. चार महिन्यांत पुढचे बेअरिंग फुटले. नवा बुश बसेपर्यंत गाडी चालवू नये, ही कळकळीची विनंती.

उत्तर (वणी, जि. यवतमाळ):
आट्यांकडेही लक्ष द्यावे. जुन्या इंजिन-गिअरबॉक्सचे आटे इंची, इसुझूचे मेट्रिक. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मि.मी.चा आणि मेट्रिक बोल्ट ८ मि.मी.चा, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण पहिल्याच्या आट्यांमधले अंतर १.०६ मि.मी., दुसऱ्याच्या १.२५. हाताने दोन-तीन फेरे बसून बोल्ट अडला, की पान्याने रेटू नये. अॅल्युमिनियममधले आटे तिथेच मरतात.

एक कागदी बाबही आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यास आरटीओची मंजुरी लागते. आणि जुलै २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल तरच तिला व्हिंटेज नोंदणी मिळते. आपली गाडी वयाने त्यात बसते, म्हणून तडा गेलेला मूळ ब्लॉक भंगारात देऊ नका.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल गिअरबॉक्स उतरवला. शाफ्टचे टोक बुशात जेमतेम ४ मि.मी. शिरत होते आणि काट्याचा फरक ०.७ मि.मी. निघाला, प्लेटला डॉवेल नव्हतेच. दोन बोल्टही अर्ध्यावर अडकवून रेटलेले सापडले. नवी प्लेट अमरावतीच्या लेथवर, बोअर धरून करायला टाकली आहे. जुना ब्लॉक गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवला आहे.