घरी केलेला माशाचा केक: काय जमतं, काय बिघडतं

मुलांच्या वाढदिवसाला माशाचा केक घरी करणाऱ्यांनी इथे लिहा. मापं द्या, आणि फसतं कुठे तेही सांगा. पार्टीचं वर्णन नको, केकचं हवं.

खाडीकाठ
माशाचा साचा विकत आणू नका. त्यात मधलं अंग भाजून होईपर्यंत शेपटीच्या कडा करपतात. आठ इंची गोल टिन पुरे. गोल केकचा सहावा भाग त्रिकोणी कापून काढायचा. ती फट म्हणजे तोंड. तोच त्रिकोण पलीकडच्या बाजूला, टोक अंगाकडे करून लावला की शेपूट. आठवा भाग कापलात तर शेपूट जेमतेम तीन इंच रुंद होते आणि मासा शेंडी लावलेल्या लाडवासारखा दिसतो. त्रिकोणाचं टोक पाऊण इंच छाटा, म्हणजे तो अंगाला नीट टेकेल. टोकदार ठेवला तर नेमका तिथेच तुटतो. मासा जवळजवळ अकरा इंच होतो, तेव्हा बोर्ड 14 इंची. पण आधी फ्रीजचा कप्पा मोजा, मग बोर्ड आणा!

अर्धा चमचा
आकार कापायचा असेल तर केक घट्ट विणीचा हवा, हलका स्पंज सुरीखाली ढासळतो. लोणी, पिठीसाखर, मैदा प्रत्येकी 200 ग्रॅम, अंडी चार, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा. 170 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. अंडी फ्रीजमधून काढून लगेच घातली तर मिश्रण फुटतं. फुटलंच तर त्यातलाच मोठा चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं. केक आदल्या दिवशी करा आणि कापायच्या आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. सुरी ब्रेडची, दातेरी. साखरेचा पाक अंगाला लावा, शेपटीला थेंबही नको.

बिनअंडी
कंडेन्स्ड मिल्क 400 ग्रॅम, लोणी 100, मैदा 250, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा, शेवटी बाटलीतला साधा सोडा 200 मिली. सोडा पडला की गप्पा मारायच्या नाहीत, टिन थेट ओव्हनमध्ये. नाहीतर बुडबुडे बाहेरच संपतात आणि केक बसतो. कुकरमध्ये करणार असाल तर शिट्टी व रबर काढून तळाला मीठ, दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर 45 ते 50 मिनिटं. टिन आधी रिकाम्या कुकरात घालून बघा, आठ इंची बरेचदा अडकतो. मग जाड बुडाची कढई आणि घट्ट झाकण.

कौलारू
खवले बहुतेक जण उलटे करतात. घरावर कौलं वळचणीकडून वर चढवतात ना, तसेच खवले शेपटीकडून डोक्याकडे. शेपटीजवळ क्रीमच्या ठिपक्यांची एक उभी ओळ घाला, प्रत्येक ठिपका चमच्याच्या पाठीने डोक्याच्या दिशेने ओढा. पुढची ओळ त्या ओढलेल्या पुसट टोकांवर. गोल कड शेपटीकडे राहते, खऱ्या माशासारखी. दर ओढीनंतर चमचा पुसायचा. कंटाळा केलात की रंग एकमेकांत जाऊन गढूळ होतात. याखाली क्रीमचा एक पातळ थर आधी देऊन वीस मिनिटं गार करा, नाहीतर कापलेल्या कडांचा भुगा खवल्यांत येतो.
जेम्सच्या गोळ्यांचे खवले दिसतात झकास, पण ओल्या क्रीमवर तासाभरात रंग सोडतात. मेणबत्त्या लावायच्या जरा आधीच लावा.

चंदेरी
खाडीकाठ, तुमच्या पद्धतीने पापलेट नाही होणार. पापलेटचं तोंड एवढंसं असतं. 2023 पासून तो राज्यमासा आहे, निदान नीट करूया :) तोंडाची फट नको. शेपूट वेगळ्या केकमधून, खोल दुभंगलेली, खालचं टोक वरच्यापेक्षा लांब. पाठीवर आणि खाली मागच्या बाजूला कोयत्यासारखे वळलेले पंख. छातीखाली पंखांची जोडी लावू नका, मोठ्या पापलेटला ती नसते.
नारिंगी क्लाउनफिशला पांढरे पट्टे तीन: डोळ्यामागे, मध्ये, शेपटीच्या मुळाशी. मधला पट्टा डोक्याकडे फुगवलात की मुलं लगेच ओळखतात. पट्ट्यांना बारीक काळी कड हवीच.

मे महिना
निळ्या रंगाबद्दल कोणीच लिहिलं नाही. लोणी पिवळसर, त्यात निळा घातला की समुद्राऐवजी शेवाळ होतं. पांढरं व्हिपिंग क्रीम घ्या, आणि रंग जेलचा. पातळ रंगाने क्रीम सैल पडतं. रंग मुरल्यावर गडद होतो, म्हणून एक छटा फिकाच थांबवा. (गडद निळा दुसऱ्या दिवशी डायपरमध्येही दिसतो, घाबरू नका.) उन्हाळ्यात क्रीमचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा.
भोवतीच्या पाण्यासाठी जिलेटिनची जेली मुंबईच्या उकाड्यात वितळते, चायना ग्रासची टिकते. 5 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, साखर व रंग घालून ताटात वेगळी लावा आणि चिरून पसरा. गरम गरम केकभोवती ओतलीत तर क्रीम वाहून जाईल. वाळूला मारी बिस्किटांचा चुरा.

खाडीकाठ
चंदेरी, मान्य, माझा मासा कुठल्याच बाजारात मिळणार नाही.
राहिलं होतं ते: शेपूट टूथपिकने जोडणार असाल तर किती घातल्या ते मोजून लिहून ठेवा. केक कापताना तेवढ्या हातात आल्याशिवाय शेपटीचा तुकडा कोणालाही देऊ नका.