विधानाचा नकार करताना हमखास घोळ होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यूपीएससी पूर्वच्या सीसॅटची (कल चाचणीच्या दुसऱ्या पेपरची) तयारी करतेय. पात्रतेपुरते 33 टक्केच लागतात म्हणून हा पेपर मागे ढकलत राहिले, आता भोगतेय. गणितं जमतात. उताऱ्याखाली 'लेखकाने काय गृहीत धरलं आहे' असं आलं की माझी वाट लागते, आणि चुकलं की एक तृतीयांश गुण कापले जातात ते वेगळंच.

क्लासच्या सरांनी युक्ती सांगितली: पर्यायातलं विधान उलटं करा, त्याने युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक. युक्ती कळली. उलटं करणंच जमत नाहीये!

कालचंच बघा. युक्तिवाद असा: शहरात बसगाड्या वाढवल्या, म्हणून रस्त्यावरची खासगी वाहनं कमी होतील. पर्याय: 'वाहन असलेले काही लोक बसने जायला तयार आहेत.' मी उलटं केलं, 'वाहन असलेले काही लोक बसने जायला तयार नाहीत.' काही नसतील तयार, बाकीचे जातील की, युक्तिवाद शाबूत. म्हणून पर्याय खोडला. उत्तरसूचीत नेमका तोच बरोबर!

जर-तरचंही तेच. 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल' याचा नकार मी 'पाऊस पडला नाही तर सामना रद्द होणार नाही' असा करते. बारावीला ट्रुथ टेबलं (विधान कधी खरं, कधी खोटं ते दाखवणारे तक्ते) पाठ होती हो, पण इथे काही आठवत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1

तू नकार करत नाहीयेस, नुसता 'नाही' चिकटवतेयस. घरात आंब्याची पेटी आहे असं समज. 'काही आंबे नासलेत' आणि 'काही आंबे नासलेले नाहीत' ही दोन्ही वाक्यं एकाच पेटीबद्दल खरी असू शकतात ना? मग तो नकार कसला? मूळ वाक्य खोटं पाडायचं तर 'एकही आंबा नासलेला नाही' असंच म्हणावं लागेल. आता बसचं बघ: 'वाहन असलेला एकही माणूस बसने जायला तयार नाही.' मग रस्ता कसा मोकळा होणार? कोसळला युक्तिवाद.

बीएला आम्हाला तर्कशास्त्र होतं, तिथे याला व्याघाती विधान म्हणायचे. दोन्ही एकदम खरी नकोत, दोन्ही एकदम खोटीही नकोत. या दुसऱ्या अटीवर बरेच जण घसरतात. 'सगळे गोड' आणि 'एकही गोड नाही' ही दोन्ही खोटी असू शकतात, पेटीत अर्धे आंबट निघाले की झालं.

जर-तरचा नकार जर-तर नसतो. 'पाऊस पडला आणि तरीही सामना झाला.' शब्द मोडला तो तिथेच. पाऊस न पडता सामना रद्द झाला तरी मूळ वाक्याला धक्का लागत नाही.

प्रतिसाद 2

ताई, पेपर इंग्रजीत वाचून डोक्यात मराठी करतेस का? मीही करायचो. आपलं 'सगळे आंबे गोड नाहीत' हे दुटप्पी वाक्य आहे. एकही गोड नाही, की थोडे आंबट आहेत? बोलताना सुरावरून कळतं, कागदावर नाही. मी 'सगळेच' लिहायला लागलो: 'सगळेच गोड नाहीत', म्हणजे निदान एक तरी आंबट. त्या एका 'च'ने माझे बरेच गुण वाचवलेत. आणि 'बहुतेक' म्हणजे निम्म्याहून जास्त, त्याचा नकार 'निम्मे किंवा त्याहून कमी'. तिथे 'एकही नाही'वर उडी मारू नकोस.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, पेटी डोक्यात बसली! सकाळपासून जुने प्रश्न परत सोडवतेय. एक तपासून द्याल? 'फक्त अर्ज भरलेल्यांनाच ओळखपत्र मिळेल.' आधी लिहिलं होतं, 'अर्ज भरलेल्यांना ओळखपत्र मिळणार नाही.' ते खोडलं. आता लिहिलंय, 'अर्ज न भरलेल्या निदान एकाला तरी ओळखपत्र मिळेल.' बरोबर ना?