वडिलांच्या नावाने युनिव्हर्सिटीत व्याख्यानमाला सुरू करायची आहे, कसं करतात?

धंतोलीकर:
बाबा इतिहासाचे प्राध्यापक होते, मागच्या वर्षी गेले. आम्ही भावंडं मिळून १० लाख काढतोय, नागपूर युनिव्हर्सिटीत दरवर्षी त्यांच्या नावाने एक व्याख्यान व्हावं म्हणून. कोणाला भेटायचं, अटी काय टाकता येतात? भाऊ म्हणतो विषय फक्त भोसलेकालीन नागपूर ठेवू. आणि टॅक्समध्ये काही सुटतं का?

रिटायर्ड_मास्तर:
आधी विभागप्रमुखांशी बोला, मग कुलसचिवांकडे अर्ज. देणगी स्वीकारायचं व्यवस्थापन परिषद ठरवते. मूळ रक्कम एफडीत राहते, खर्च व्याजातून. ७ टक्के धरले तर ७० हजार, आज त्यात वक्त्याचा प्रवास, राहणं, मानधन सगळं निघेल, पण २० वर्षांनी व्याज तेवढंच आणि तिकीट कुठच्या कुठे, म्हणून थोडं व्याज दरवर्षी मुद्दलात टाकायचं हे करारातच लिहून घ्या. मानधनाचा आकडा मात्र लिहू नका, नंतर तो बदलायला कोणी धजत नाही.

संत्राबर्फी:
भावाला समजवा बाप्पा! भोसल्यांवर बोलणारे किती मिळतील, मग तेच ते परत. स्कॉटलंडचे जज ॲडम गिफर्ड १८८७ मध्ये वारले, ८० हजार पौंड ठेवून गेले ४ युनिव्हर्सिट्यांसाठी. विषय ईश्वर आणि धर्म, पण वक्ता कोणत्याही धर्माचा, अगदी धर्म न मानणारा पण चालेल असं मृत्युपत्रातच लिहिलं, ती माला अजून सुरू आहे. आणि व्याख्यान छापाच, भांडारकरांची १८७७ ची मुंबईची विल्सन व्याख्यानं पुस्तक झालं म्हणून तर आज वाचता येतात. आपल्याकडे कामठीच्या लक्ष्मीनारायणांच्या पैशातून १९४२ मध्ये एलआयटी हे टेक्नॉलॉजीचं कॉलेज उभं राहिलं, आर्ट्सला काहून कोणी देत नाही कोण जाणे, तुम्ही देताय तर छान वाटलं.

सीए_बर्डी:
नव्या टॅक्स रेजीममध्ये देणगीवरची सूट (८०जी) मिळत नाही, जुन्यात असाल तर मिळेल, पावती नीट घ्या. २ हजारांवर कॅश चालत नाही, चेक द्या.

पोट्टा_नं_१:
अटेंडन्स लावून पोरं बसवू नका फक्त, मागच्या रांगेत सगळे मोबाईलवरच असतात. आणि पुण्यतिथीलाच पाहिजे असा हट्ट नको.

धंतोलीकर:
पुण्यतिथी मे मध्ये आहे 😅 वाढदिवस डिसेंबरात, तो चालेल?

रिटायर्ड_मास्तर:
डिसेंबरात अधिवेशन असतं, वक्त्याला हॉटेलात रूम मिळणार नाही. जानेवारी बघा.