मदत हवी आहे: भावाला पिठाची गिरणी टाकायची आहे, बँक फाईल घेत नाही

माणदेशी_ताई
नमस्कार. भावाला गावात गिरणी टाकायची आहे. तो दिव्यांग आहे, कार्ड काढलेलं आहे. बँकेत तीन चकरा झाल्या. साहेब फाईल उघडूनसुद्धा बघत नाहीत, "निराधारचा फॉर्म भरा" म्हणतात. निराधार चालू आहे, त्यासाठी नाही गेलो आम्ही. गावात गिरणी नाही, बायका डोक्यावर दळण घेऊन चार किलोमीटर जातात. कोणती योजना आणि अर्ज कुठे करायचा, एवढंच सांगा. सोमवारी परत जायचं आहे.

नाना_बार्शी
कार्ड कोणतं आहे?

माणदेशी_ताई
पिवळं.

नाना_बार्शी
मग तुम्ही दारिद्र्यरेषेखाली येता. आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा, घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते बघा.

माणदेशी_ताई
रेशनचं नाही हो काका. दिव्यांगाचं, यूडीआयडी.

वऱ्हाडकन्या
नाना, यूडीआयडीत ४० टक्क्यांपासून ८० च्या आतलं कार्ड पिवळं असतं, ८० आणि वर निळं. ताई, टक्के किती? आणि दिव्यांगत्व कशाचं आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सुधाकाकू
माझ्या भाचीचे दोन्ही पाय अधू आहेत. तिला शिलाई मशीनला मोटर बसवून दिली आणि पेडल टेबलावर, कोपराने दाबायचं. आज गावातले सगळे ब्लाऊज तिच्याकडे येतात. भावालाही शिवणकाम शिकवा, बसल्या जागी होतं.

माणदेशी_ताई
पाय चांगले आहेत त्याचे. उजवा हात कोपराखाली नाही, ७० टक्के. दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेला. लिहायचं राहून गेलं, आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

कृषीसखा
गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, एक अवयव गेला तर १ लाख मिळतात. कुटुंबातल्या एका सदस्यालाही लागू आहे. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

माणदेशी_ताई
ते मिळाले. निम्मे दवाखान्यात गेले, उरलेले गिरणीसाठी बाजूला ठेवलेत. आता योजनेचं कोणी सांगेल का?

रोखठोक
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एका यंत्रात हात गेलेल्या पोराला दुसऱ्या यंत्रापाशी का उभं करताय? दिव्यांग महामंडळाची फिरत्या दुकानाची योजना आहे, बॅटरीवरची गाडी मिळते. भाजी विकू दे, किराणा विकू दे.

वऱ्हाडकन्या
त्याने गाडी मागितली आहे का? दिव्यांग म्हटलं की पूर्वी टेलिफोन बूथ द्यायचे, आता फिरतं दुकान. काय करायचं हे त्याला कोणीच विचारत नाही.

रोखठोक
मी काळजीने लिहिलं.

माणदेशी_ताई
आईसुद्धा हेच म्हणते. पण तो आठ महिने शेजारच्या गावात गिरणीवर कामाला आहे. डाव्या हाताने सगळं करतो. मालकाने चार दिवस गिरणी पूर्ण त्याच्यावर सोडली होती.

गिरणीवाला
हे आधी लिहायचं ना! मालकाकडून त्याचं पत्र घ्या, फाईलला लावा. बँकेचा "एका हाताने कसं जमणार" हा प्रश्न तिथेच मिटतो.
आमच्या वडिलांची २२ वर्षं गिरणी होती. दगडी चक्की घेणार की पल्व्हरायझर (बिनदगडाची, लोखंडी पात्यांची गिरणी)? दगडाचं पीठ गावात आवडतं, पण दगडाला टाकी लावायला, म्हणजे झिजलेल्या दगडावर परत खाचा पाडायला, छिन्नी एका हातात, हातोडा दुसऱ्या हातात लागतो. त्याला माणूस ठरवा, नाहीतर चक्की आठवड्यात खरबरीत दळायला लागेल. पट्ट्याला जाळी पाहिजेच, आईला ती जाळी दाखवा. स्टार्टर डाव्या हाताला घ्या. हॉपरच्या (धान्य ओतायच्या तोंडाच्या) शेजारी कमरेच्या उंचीची फळी ठोकून घ्या, म्हणजे डबा आधी फळीवर टेकवायचा, मग कलंडवायचा. उचलण्यातच खरी कसोटी आहे, दळण्यात नाही. गावठाणात थ्री फेज आहे का तेही सोमवारच्या आधी बघा. आणि महावितरणला गिरणी असं स्पष्ट लिहा, तिला औद्योगिक दर लागतो, दुकानाचा नाही.

कारखानदार_लहान
योजनेचं मी सांगतो. चूक अशी झाली की तुम्ही थेट बँकेत गेलात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज ऑनलाइन, जिल्हा उद्योग केंद्रामार्फत करा, तिथून तो बँकेकडे जातो. ग्रामीण भागातल्या दिव्यांगाला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे फक्त ५ टक्के. कोटेशन कितीचं आहे?

माणदेशी_ताई
१ लाख ८० हजार.

कारखानदार_लहान
मग ९ हजार तुमचे, अनुदान ६३ हजार. पण अनुदान हातात मिळत नाही, ३ वर्षं बँकेत अडकून राहतं. गावात बरेच जण इथेच फसतात.

कृषीसखा
गिरणी म्हणजे अन्नप्रक्रिया. पीएमएफएमई, म्हणजे केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, चांगली. अनुदान तिथेही ३५ टक्के, आणि जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल तयार करायला मदत करते.

कारखानदार_लहान
तिथे स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. यांना ५ टक्केवालंच सोयीचं.

कृषीसखा
अहवालाला एजंट पाच हजार मागतो ते धरलंत का?

नाना_बार्शी
ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी असतात. ग्रामसेवकाला विचारा, स्टार्टर-जाळीचा खर्च त्यातून निघेल. आणि बँकेने नाकारलं तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे जा.

पश्चिमघाट
आधी हात बसवा. जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती मोफत बसवून देते, १९७५ पासूनचं काम आहे. पुण्यातही कृत्रिम अवयव केंद्र आहे.

माणदेशी_ताई
हात शिबिरात मिळाला होता. खुंटीवर आहे. त्याने डबा धरता येत नाही, लग्नाला जाताना तेवढा घालतो.
आणखी एक. गिरणी निघाली तर निराधार बंद होईल म्हणून वडील घाबरतात.

वऱ्हाडकन्या
दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५० हजार आहे. गिरणी चालली तर ती ओलांडेल, हे वडिलांना आत्ताच सांगा. हप्ता, वीजबिल वजा करून महिन्याला किती उरतं ते कागदावर मांडा, भीती कमी होईल. पण त्याला स्वतःला काय वाटतं?

माणदेशी_ताई
तो फार बोलत नाही. आधी भजनात पखवाज वाजवायचा. हात गेल्यापासून एकादशीलासुद्धा देवळाकडे फिरकत नाही, कोणाच्या दारात जात नाही. गिरणीवर मात्र पहाटे आपणहून जातो. तिथे बायका त्याला नावाने हाक मारतात, दळण कधी होईल विचारतात. म्हणून मी तिन्ही वेळा त्याच्याबरोबर बँकेत गेले.

टाळकरी
ताई, चिपळ्या एका हाताने वाजतात. आमच्या दिंडीत एका माणसाला डावा हातच नाही, तो उजव्या हातातल्या चिपळीवर सगळ्यांना ठेक्यात ठेवतो. पखवाज वाजवणाऱ्याला लय शिकवावी लागत नाही. तुमच्या भजनी मंडळाच्या बुवांना सांगा, त्यांनी घरी येऊन बोलवायला पाहिजे. तो आपणहून जाणार नाही.

माणदेशी_ताई
बुवा आमचे चुलतेच आहेत. आज रात्री बोलते त्यांच्याशी.
सोमवारी आधी उद्योग केंद्रात जातो, मालकाचं पत्र घेऊन. गिरणीवाले दादा, फळी लाकडाची चालेल की लोखंडी अँगल हवा?

गिरणीवाला
अँगलच. लाकूड पिठाने आणि ओल्या डब्यांनी सडतं. भावाला उभं करून त्याच्या कमरेचं माप घ्या, मगच वेल्डरकडे जा.