‘सायकलवाल्यांनी कडेने चालवावे’ हा सल्लाच घातक आहे

कोथरूड ते हडपसर (धागालेखक)
मागच्या आठवड्यात एका सदस्यांनी येथे लिहिले की, ‘सायकलवाल्यांनी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटून चालवावे आणि गाड्यांच्या वाटेत येऊ नये, म्हणजे अपघात होणारच नाहीत.’ त्यावर अनुमोदनांची रांग लागली, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहितो आहे. मी १९ वर्षे कोथरूडहून हडपसरला सायकलने कामावर जातो. या काळात मला तीन अपघात झाले आणि तिन्ही वेळा मी कडेलाच चिकटलेलो होतो. पहिल्यांदा उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले आणि मी हँडलवरून पलीकडे पडलो. दुसऱ्यांदा पावसाळी गटाराच्या जाळीत पुढचे चाक अडकले, कारण त्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवलेल्या होत्या. तिसऱ्यांदा, मी कडेला असल्यामुळे ‘जागा आहे’ असे समजून एक टेम्पो मला घासून पुढे गेला.

कडेपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवावे, उभ्या गाड्यांपासून उघड्या दाराच्या रुंदीइतके दूर राहावे आणि मार्गिका अरुंद असेल तेथे सरळ तिच्या मधोमध चालवावे, म्हणजे मागच्याला मार्गिका बदलूनच पुढे जावे लागते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ साली अरुंद जागी मधोमध चालवण्याची सूचना स्पष्ट शब्दांत घालण्यात आली. मोटारचालकांनीही एक सवय लावून घ्यावी: उजवे दार डाव्या हाताने उघडावे, म्हणजे खांदा आणि मान आपोआप मागे वळतात व मागून येणारी सायकल दिसते.

सिंहगड रस्ता
आपल्या अपघातांबद्दल वाईट वाटते, परंतु आपला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने आपण मार्गिकेच्या मधोमध चालवणार आणि मागे चाळीस वाहने खोळंबणार, त्यांतले कोणीतरी चिडून धोकादायक रीतीने पुढे जाणार, हे सुरक्षित कसे? आणि ज्या गोष्टीमुळे मला रोज रात्री धडकी भरते, तिचा आपण उल्लेखही केलेला नाही. दोन महिन्यांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास घरी परतताना दुभाजकाच्या कडेने, उलट्या दिशेने, दिवा नसलेली सायकल समोरून आली. अंगावर काळा स्वेटर होता. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. मी ब्रेक दाबला तेव्हा आमच्यात हातभर अंतर उरले होते. त्या माणसाने मागे वळूनही पाहिले नाही. आधी आपल्या लोकांना बाजू आणि दिवा शिकवा, मग आमच्या दारांबद्दल बोला.

अपघात विभाग
आपण दोघेही मुख्य गोष्ट विसरलात, ती म्हणजे हेल्मेट. मी २२ वर्षे परिचारिका आहे. मोडलेला हात सहा आठवड्यांत जुळतो, डोक्याला लागलेला मार मात्र आयुष्यभर जुळत नाही. माझा धाकटा भाऊ सोसायटीच्या फाटकासमोर सायकलवरून पडला, कोणत्याही गाडीचा धक्का न लागता. आज तो स्वतःच्या मुलीचे नाव विसरतो. हेल्मेट न घालता सुरक्षिततेची चर्चा करणाऱ्यांनी एक रात्र आमच्या विभागात येऊन बसावे.

वारज्याचा
ताई, आपल्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटते, तरीही हेल्मेटची चर्चा सुरू झाली की रस्त्याची चर्चा बंद पडते, हे मला सांगावेच लागेल. सायकलचे हेल्मेट ज्या युरोपीय मानकानुसार तपासतात त्यात आघाताचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. ते पडण्यासाठी बनवलेले आहे, ट्रकच्या धडकेसाठी नव्हे. नेदरलँड्समध्ये साधी सायकल चालवणारे बहुतेक लोक हेल्मेट घालतच नाहीत. तेथे १९७१ साली रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. त्यांनी मुलांच्या डोक्यावर टोप्या घालायला नव्हे, गाड्यांना आवर घालायला सांगितले.

अपघात विभाग
नेदरलँड्समध्ये वेगळे मार्ग आहेत, आपल्याकडे नाहीत, म्हणूनच आपल्याला हेल्मेट जास्त लागते. आपण मला आकडे शिकवू नयेत. मी माणसे पाहिली आहेत. माझा भाऊ पडूनच जायबंदी झाला, आणि ‘ते पडण्यासाठी बनवलेले आहे’ हे आपणच लिहिले आहे. मग विरोध कशाला?

वारज्याचा
विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली सक्ती केली, त्यावर आजही वाद चालू आहे, कारण सायकली कमी झाल्या की उरलेल्यांकडे मोटारचालकांचे लक्ष आणखी कमी जाते. माझे वडील रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्यांची सायकल दोन हजारांना घेतलेली जुनी आहे. चांगल्या हेल्मेटला दीड हजार पडतात. दंड बसला तर ते सायकल सोडतील आणि पायी जातील, कारण रात्री साडेदहाला त्या बाजूला बस मिळत नाही.

अपघात विभाग
सक्ती हा शब्द मी एकदाही वापरलेला नाही. न बोललेल्या गोष्टीसाठी मला फैलावर घेऊ नका.

वारज्याचा
बरोबर आहे. तो शब्द माझा होता, तो मी मागे घेतो.

निवृत्त चालक
मी ३१ वर्षे शहर बस चालवली आणि सायकलस्वारांबद्दल मला आकस नाही, पण धागालेखकांच्या लेखात जी गोष्ट नाही तिनेच सर्वांत जास्त जीव जातात असे माझे मत आहे. बारा मीटर लांबीची बस डावीकडे वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत जातात. सिग्नलला उभ्या बसच्या डाव्या अंगाने पुढे सरकलेली सायकल नेमकी त्याच जागेत असते आणि मला ती आरशात दिसत नाही, कारण मी उजवीकडे उंचावर बसलेलो असतो. बसच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नका. मागे थांबा, किंवा इतके पुढे जा की काचेतून तुमचे तोंड दिसेल. एकदा कंडक्टरने घंटा दिली नसती तर एक शाळकरी मुलगा माझ्या हातून गेला असता. अजूनही मला ती घंटा ऐकू येते.

कोथरूड ते हडपसर (धागालेखक)
काका, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य. गर्दीत मीही डावीकडून पुढे सरकतो, आणि आजवर मला ते चातुर्य वाटत होते. ते बंद करतो. सिंहगड रस्त्याच्या सदस्यांना मात्र एवढेच सांगतो की, मधोमध चालवणे म्हणजे हट्टाने अडवून धरणे नव्हे. रस्ता रुंद झाला की मी डावीकडे होतो आणि हाताने पुढे जाण्याची खूण करतो. दिव्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असलाच पाहिजे. शिवाय पॅडलवर परावर्तक पट्टी लावावी, कारण वर-खाली हलणारा प्रकाश पाहिला की समोर माणूस आहे हे चालकाला लगेच कळते.

सिंहगड रस्ता
दार डाव्या हाताने उघडण्याची सवय मी लावून घेईन, कारण माझी मुलगीही आता सायकलने क्लासला जाते. मधोमध चालवण्याचे मी अजूनही समर्थन करत नाही, निदान रात्री तरी. आणि उलट्या दिशेने येणाऱ्यांवर कोणीच बोलले नाही, हे मी पुन्हा नोंदवतो.

वारज्याचा
मी बोलतो. माझे वडील रोज चारशे मीटर उलट्या दिशेने येतात. दुभाजकातील वळण्याची जागा एक किलोमीटर पुढे आहे आणि तेथे पोहोचायला महामार्गाचा चौक ओलांडावा लागतो, जेथे ट्रक थांबत नाहीत. दोन्ही धोके तोलून त्यांनी उलटी बाजू निवडली आहे. दिवा मात्र त्यांच्याकडे नाही. तो मी या रविवारी घेऊन देतो, कारण आपल्या जागी मी असतो तर मलाही तीच धडकी भरली असती.

सिंहगड रस्ता
दुभाजकाची ही अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. तरीही उलट्या दिशेने सायकल चालवणे मला मान्य नाही. त्यांनी तेवढे चारशे मीटर सायकलवरून उतरून पदपथावरून ती ढकलत न्यावी.

वारज्याचा
तेथे पदपथ नाही.