मदत हवी आहे: ट्रॅक्टरला नवीन क्लच बसत नाहीये

नमस्कार मंडळी. आमच्या ४५ एचपी ट्रॅक्टरला ड्युअल क्लच आहे, म्हणजे चाकांसाठी एक मेन प्लेट आणि पीटीओसाठी (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टसाठी) दुसरी. प्लेट घासल्यामुळे पूर्ण सेट बदलायला घेतला. ट्रॅक्टर मधोमध खोलला, नवा क्लच फ्लायव्हीलवर (इंजिनच्या जड चाकावर) व्यवस्थित बसला, बोल्टही सरळ लागले. पण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना अर्ध्या इंचाची फट राहते, पुढे सरकतच नाही.

दोन्ही प्लेटा शाफ्टवर हाताने घालून पाहिल्या. खाचा जुळतात, प्लेट अडखळत नाही. व्यास जुन्याइतकाच, १२ इंच. फरक एकच दिसतो: नव्या मेन प्लेटचा मधला हब (शाफ्टवर बसणारा खाचांचा भाग) जुन्यापेक्षा थोडा जाड आहे. प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे छापलेलं नाही, म्हणून जुनी पाहून तशीच लावली.

मिस्त्री म्हणतात, बोल्ट आवळत न्या, आपोआप बसेल. मला ते अजिबात पटत नाही. गिअरबॉक्सचं सगळं वजन हबवर आलं तर प्लेट वाकेल किंवा हाउसिंगचा कान तुटेल, मग खर्च कुठल्या कुठे जाईल. त्यांना थांबवून ठेवलंय.

माझा संशय पीटीओच्या प्लेटवर आहे. प्लेटा एका रेषेत धरायचा डमी शाफ्ट नव्हता, सेंटर नजरेनेच धरला. शिवाय फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंगही (शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते) नवीन घातलंय. ते पूर्ण आत गेलं नसेल तरी शाफ्ट असाच अडेल का?

हबच्या जाडीत किती फरक चालतो? आणि डमी शाफ्ट लेथवर करून घ्यायचा तर दोन्ही हबची मापं कशी घ्यायची? पेरणी तोंडावर आहे, अनुभवी माणसांनी कृपया सांगा. फोटो लगेच टाकतो.